बारा पंचकोनांचा डबा

ए दोस्ता, एक काम करशील? एक फुटबॉल शोध. तो जुन्या पद्धतीचा, काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा हवा हं! तुझ्याकडे नसेल तर आपल्या काशीगावात संध्याकाळी कुठल्याही सोसायटीच्या आवारात डोकाव. एखादा तरी सापडेलच.

सापडला? आता त्याच्यावरचे काळे तुकडे मोज.

किती आले? १२! पुन्हा मोज बघू. पुन्हा १२च!

प्रत्येक काळ्या तुकड्याला बाजू किती? पाच. म्हणजे हे झाले पंचकोन. पांढऱ्या तुकड्यांना बाजू सहा-सहा. ते षटकोन, आणि ते आहेत २०.

आता ओळख पाहू, असेच बरोब्बर १२ पंचकोन आणखी कुठे सापडतात? एका विषाणूच्या पोटात! त्या विषाणूचं नाव आहे एचआयव्ही. हे १२ पंचकोन बघता बघता शास्त्रज्ञांना एक असं औषध सुचलं, की ते वर्षातून फक्त दोनदा टोचलं तरी पुरतं!

थांब, थांब. असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगायला हवं.

एचआयव्ही हे नाव तू ऐकलं असशील. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लाल फितीचं चित्र असतं ना, त्याच्याशेजारी ते लिहिलेलं असतं. विषाणू म्हणजे इतकी बारीक वस्तू, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनसुद्धा ती दिसत नाही. किती बारीक? तुझ्या कंपासपेटीतली पट्टी काढ. तिच्यावर सेंटिमीटरचे दहा-दहा भाग पाडलेले असतात. त्यातला एकच भाग, एक मिलिमीटर, नीट बघ. तेवढ्या जागेत एचआयव्हीचे विषाणू रांगेत उभे केले तर मावतील ८,०००हून जास्त!

एवढासा जीव, पण खोडी मोठी. आपल्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात, म्हणजे आपलं सैन्यच. त्यातल्या काही पेशी इतरांना सांगतात, ‘तो बघ जंतू, पकड त्याला!’ अगदी वर्गातल्या मॉनिटरसारख्या. एचआयव्ही नेमका या मॉनिटरनाच गाठतो! औषध मिळालं नाही, तर हळूहळू काही वर्षांत मॉनिटर कमी होतात. मग एरवी सहज परतवता येणारे जंतूही माणसाला आजारी पाडतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

हा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? विषाणू असलेलं रक्त दुसऱ्याच्या शरीरात गेलं तर. एकाला वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली तर. मोठ्या माणसांच्या शरीरसंबंधातून. आणि आईकडून बाळाला, पोटात असताना, जन्मताना किंवा दुधातून.

आणि कसा जात नाही, ते तर जास्त नीट ऐक! एका डब्यातलं खाल्ल्याने नाही. मिठी मारल्याने नाही. एका बाकावर बसल्याने नाही, खो-खो खेळल्याने नाही, डास चावल्यानेही नाही! तुझ्या वर्गात कुणाला एचआयव्ही असला, तरी तू त्याच्याशी अगदी मनसोक्त खेळू शकतोस किंवा शकतेस. त्याला शाळेतून काढायचं नाही, हा आपल्या देशात कायदा आहे, २०१७ सालचा. मला विचारशील तर कायद्याची वाट न बघताही असंच व्हायला हवं होतं.

बरं, आता चल स्वयंपाकघरात!

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक इवलंसं स्वयंपाकघर आहे. त्यात मधोमध एक बंद खोली असते. तिला म्हणतात केंद्रक. त्या खोलीत एक जाडजूड पाककृतींचं पुस्तक ठेवलेलं असतं. शरीराला लागणारी प्रत्येक गोष्ट कशी बनवायची, ते त्यात लिहिलेलं. या पुस्तकाचं नाव डीएनए.

एचआयव्हीकडे मात्र स्वयंपाकघरच नाही! ना शेगडी, ना कढई, ना पोळपाट. त्याच्याकडे आहे फक्त चिठ्ठी. तिला म्हणतात आरएनए. चिठ्ठीत अक्षरं किती? साधारण ९,७००. माणसाच्या पुस्तकात आहेत सुमारे तीनशे कोटी! चिठ्ठीवर काय लिहिलंय ठाऊक आहे? ‘मला बनव. पुष्कळ बनव.’ बस, एवढंच.

पण एक अडचण आहे. चिठ्ठीची लिपी वेगळी आणि पुस्तकाची वेगळी. मग हा चोर काय करतो? स्वतःचा नक्कलनवीस बरोबर घेऊन येतो! हा नक्कलनवीस चिठ्ठी वाचतो आणि पुस्तकाच्या लिपीत उतरवून काढतो. त्याचं नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. मग दुसरा कारागीर ते नवं पान थेट तुझ्या पुस्तकात चिकटवतो. त्याचं नाव इंटिग्रेज. झालं! बिचारी पेशी पुस्तक उघडते, ते पान वाचते आणि विषाणूचे भाग रांधायला बसते. तिला वाटतं, ही आपलीच पाककृती!

भाग तयार होतात ते एका लांब पट्टीत. दिवाळीत शंकरपाळ्या करताना पोळी लाटून झाली की कातणं फिरवतात ना? तसं तिसरा कारागीर त्या पट्टीवर कातणं फिरवतो. तुकडे सुटे होतात, विषाणू जुळतो आणि निघाला दुसऱ्या पेशीकडे! या कातणंवाल्याचं नाव प्रोटिएज.

आता तूच सांग, याला अडवायचं कुठे?

बरोब्बर! जिथे जिथे त्याला काम करावंच लागतं, तिथे तिथे. एचआयव्हीवरची बहुतेक औषधं अशीच सापडली.

पहिलं औषध तर एचआयव्ही माहीत होण्याआधीच बाटलीत भरलेलं होतं! जेरोम हॉर्विट्झ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६४ साली ते कर्करोगासाठी बनवलं होतं. तिथे ते चाललं नाही आणि मागे पडलं. पुढे १९८३ साली फ्रान्समध्ये फ्रांस्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक मोंतानिए यांच्या प्रयोगशाळेत एचआयव्ही सापडला. मग जुन्या-नव्या औषधांची तपासणी सुरू झाली आणि हेच मागे पडलेलं औषध उपयोगी ठरलं! त्याचं नाव एझेडटी. १९८७ साली ते एचआयव्हीवरचं पहिलं मान्य औषध झालं.

ते करतं काय? नक्कलनवीस अक्षराला अक्षर जोडत जातो, साखळीच्या कडीत कडी अडकवावी तसा. एझेडटी हे दिसायला अक्षरासारखंच. नक्कलनवीस फसतो आणि ते साखळीत जोडतो. पण त्याच्यापुढे कडी अडकवायला जागाच नसते! साखळी तिथेच संपली. नक्कल अर्धवट!

मग प्रश्न सुटला का? छे! हा नक्कलनवीस फार धांदरट आहे. फळ्यावरचं घाईघाईत उतरवून घेणाऱ्या मुलासारखा तो चुका करतो. आणि औषध न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात विषाणू एका दिवसात अब्जावधींनी तयार होतात. एवढ्या चुकांमध्ये एखादी चूक विषाणूच्या सोयीची निघते. औषध त्याला फसवू शकत नाही! मग त्याचीच पिलावळ वाढते.

यावर उपाय सापडला १९९६च्या सुमारास. एक नाही, तीन औषधं एकदम द्यायची! एकाला चुकवणारा विषाणू निघेल. पण तिघांना एकाच वेळी चुकवायचं म्हणजे फारच कठीण. मरणाच्या दारात पोचलेली माणसं ही औषधं घेऊन पुन्हा कामावर जाऊ लागली.

आता येऊ माझ्या सगळ्यात लाडक्या गोष्टीकडे. डबा!

चिठ्ठी आणि कारागीर हे सगळे विषाणूच्या पोटात सुटे लोळत नसतात. ते एका डब्यात बंद असतात. या डब्याला म्हणतात कॅप्सिड. त्याचा आकार कसा? गोल नाही, चौकोनी नाही. एका बाजूला रुंद, दुसरीकडे निमुळता. आइस्क्रीमचा कोन दोन्ही बाजूंनी गोलसर बंद केला तर जसा दिसेल, तसा.

हा डबा एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या तुकड्यांनी बनतो. सहा-सहा तुकडे हात धरून उभे राहिले की होतो षटकोन. असे षटकोन शेजारी शेजारी लागतात, मधमाशीच्या पोळ्यात असतात तसे. पण इथेच गंमत आहे! नुसते षटकोन जोडले तर काय होईल? सपाट फरशी! कितीही जोड, ती वळणारच नाही. आणि वळली नाही तर डबा बंद कसा होणार?

खरं वाटत नाही? करून बघ. कागदावर एक षटकोन काढ. मधल्या बिंदूपासून सगळ्या कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढ. सहा त्रिकोण दिसतील. षटकोन कापून काढ. तो टेबलावर सपाट बसतो. आता एक त्रिकोण कापून टाक आणि उरलेल्या कडा एकमेकींना चिकटव. अरेच्चा! कागद वर उचलला गेला! टोपी झाली!

सहाऐवजी पाच झाले, की वळण येतं. म्हणून डब्याला पंचकोन लागतात. किती? तू कितीही मोठा डबा कर, कितीही षटकोन वापर, तीन-तीन आकार एका कोपऱ्यात जुळवत तो पूर्ण बंद करायचा असेल तर पंचकोन लागणार बरोब्बर १२. अकरा लावले तर फट राहते. हे लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाच्या सूत्रातून निघतं. ऑयलर होऊन गेले अठराव्या शतकात. फुटबॉल शिवणाऱ्यालाही ते चुकत नाही आणि एचआयव्हीलाही नाही! विषाणूने पाच पंचकोन निमुळत्या टोकाला लावलेत आणि सात रुंद टोकाला. म्हणून तर त्याचा डबा चेंडूसारखा गोल नाही, कोनासारखा आहे.

चल, गणित कर! षटकोन साधारण २५०. प्रत्येकात तुकडे सहा. झाले १,५००. पंचकोन १२, प्रत्येकात पाच. झाले ६०. एकूण १,५६०. एवढे तुकडे आपोआप जुळतात. कुणी मिस्त्री लागत नाही!

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात वेस्ली संडक्विस्ट आणि त्यांचे सहकारी १९९०च्या दशकापासून या डब्याच्या मागे लागले होते. डबा नेमका कसा जुळतो? तो सैल असला तर काय? घट्ट असला तर काय? हळूहळू कळत गेलं, की विषाणूला डबा अगदी मोजून-मापून हवा असतो. सैल झाला तर माल वाटेतच सांडतो. फार घट्ट झाला तर वेळेवर उघडत नाही. आईने झाकण गच्च लावलेला डबा मधल्या सुट्टीत उघडला नाही तर काय होतं, ते तुला सांगायला नकोच!

बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं, की पेशीत शिरल्याबरोबर डबा फुटतो आणि चिठ्ठी बाहेर येते. पुस्तकांतली चित्रंही तशीच असायची. पण २०२० आणि २०२१ साली शास्त्रज्ञांनी संसर्ग झालेल्या पेशींचे फोटो काढले आणि काय दिसलं? अख्खाच्या अख्खा डबा केंद्रकाच्या दारातून आत शिरतोय! तोही निमुळतं टोक पुढे करून! ते दार इतकं रुंद असेल असं आधी कुणाला वाटलंच नव्हतं. म्हणजे नक्कलनवीस डब्यात बसूनच नक्कल करत असतो, धावत्या गाडीत बसून गृहपाठ करावा तसा. आणि डबा उघडतो तो थेट पुस्तकाच्या खोलीत!

मग औषध बनवणाऱ्यांनी विचार केला, या डब्यालाच हात घातला तर?

सोपं नव्हतं ते. औषधाचा रेणू असा हवा, की तो दोन तुकड्यांमधल्या सांध्यात अचूक बसेल. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर गिलियड या अमेरिकन कंपनीत तो तयार झाला. नाव लेनाकापाविर. म्हणायला जरा अवघड आहे. दोन-तीनदा मोठ्याने म्हण, जमेल!

लेनाकापाविर सांध्यात जाऊन बसला, की डबा नको तितका ताठ होतो आणि मग तडकतो. शिवाय पेशीतली काही प्रथिनं डब्याला नेमकं याच जागी धरून आत ओढतात. आता तिथे आधीच कुणीतरी बसलंय! म्हणजे आत जायची वाटही अडली. आणि समजा पेशीत नवे विषाणू बनायला लागलेच, तर त्यांचे डबेही वेडेवाकडे जुळतात. एकच औषध, पण ते येतानाही अडवतं आणि जातानाही!

अजून एक आश्चर्य बाकी आहे. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. औषधासाठी ही वाईट गोष्ट ना? नाही! पिठीसाखर जिभेवर ठेवली तर लगेच गायब होते. खडीसाखरेचा खडा मात्र किती वेळ पुरतो! लेनाकापाविरचं तसंच आहे. पोटाच्या कातडीखाली ते टोचतात. तिथे त्याचा छोटासा साठा होतो आणि तो कणाकणाने झिरपत राहतो. एक नाही, दोन नाही, तब्बल सहा महिने! सुरुवातीला दोन दिवस गोळ्या घ्याव्या लागतात, एवढंच. आणि हे इतकं जालीम आहे, की रक्तात चिमूटभराचा चिमूटभर असलं तरी भागतं.

ज्यांना एचआयव्ही नाही, अशांनी हे आधीच टोचून घेतलं तर? दक्षिण आफ्रिका आणि युगांडामध्ये हे करून पाहिलं. तिथे तरुण मुलींना एचआयव्हीचा धोका फार मोठा आहे. १६ ते २५ वर्षांच्या २,१३४ मुलींना दर सहा महिन्यांनी ही सुई दिली. जून २०२४ मध्ये हिशेब मांडला. त्यातल्या किती जणींना एचआयव्ही झाला असेल? अंदाज कर.

शंभर? दहा? एक?

शून्य!

शून्य, दोस्ता! रोजच्या गोळ्या दिलेल्या इतर गटांमध्ये मात्र काही मुलींना तो झाला. कारण रोज आठवणीने गोळी घेणं सोपं नसतं. कधी राहून जाते, कधी कुणी बघेल म्हणून लपवावी लागते. नंतर दुसऱ्या एका चाचणीत दोन हजारांवर लोकांना हीच सुई दिली. त्यातल्या फक्त दोघांना एचआयव्ही झाला. जून २०२५ मध्ये अमेरिकेने या सुईला मान्यता दिली.

तू म्हणशील, म्हणजे ही लस झाली की! नाही बरं का. लस आपल्या सैन्याला शत्रूचा चेहरा ओळखायला शिकवते. मग ती संपली तरी सैन्याच्या लक्षात राहतं. लेनाकापाविर कुणाला काही शिकवत नाही. ते स्वतःच पहारा देतं. साठा संपला की पहारा संपला! म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा टोचायचं. एचआयव्हीची लस मात्र अजून तयार झालेली नाही, कारण हा लबाड सारखा चेहरा बदलतो. एचआयव्हीविरोधी लस भारतात माणसांना पहिल्यांदा टोचून पाहिली, ती कुठे माहीत आहे? आपल्या पुण्यात! २००५ साली, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत. लस सुरक्षित निघाली, पण सैन्य हवं तेवढं जागं झालं नाही.

पुण्याचं नाव निघालंच आहे, तर तुला एक रस्ता दाखवते... नव्हे, तो तुझ्या रोजच्या बघण्यातलाच आहे! काशीगावाजवळून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो ना? ट्रकच्या रांगा लागलेल्या असतात तो. त्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून दक्षिणेकडे निघालं, की पुणे लागतं, मग सातारा, कोल्हापूर, बेंगळुरू, वेल्लूर आणि शेवटी चेन्नई. आपल्या देशातली एचआयव्हीची बरीचशी गोष्ट याच रस्त्यावर घडली आहे!

सुरुवात शेवटच्या टोकाला, चेन्नईत. तिथे एका मराठी कुटुंबात एक मुलगी जन्मली, सुनीती गायतोंडे. ती डॉक्टर झाली आणि लग्नानंतर झाली सुनीती सॉलोमन. १९८०च्या दशकात सगळे म्हणत होते, हा आजार परदेशातला, आपल्याकडे नाहीच. सुनीतीबाई म्हणाल्या, तपासून तर पाहू! त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ते ठेवले कुठे? घरच्या फ्रिजमध्ये! मग बर्फाच्या डब्यात घालून रात्रीच्या गाडीने ते वेल्लूरला नेले, कारण तपासणीची सोय तिथे होती. १९८६ साली उत्तर मिळालं. एचआयव्ही भारतात होता! वेळेवर कळलं म्हणून पुढची तयारी सुरू झाली. सुनीतीबाईंनी १९९३ साली चेन्नईत एक केंद्र काढलं आणि त्याला वडिलांचं, गायतोंड्यांचं, नाव दिलं. ज्यांच्या जवळ जायला लोक घाबरायचे, त्यांना त्या जवळ घेऊन बसायच्या. २०१५ साली त्या गेल्या. नंतर त्यांना पद्मश्री मिळाली.

आता पुण्यात ये. ससून रुग्णालयाशेजारच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना एक प्रश्न पडला होता. आईला एचआयव्ही आहे, बाळाला आईचं दूध तर हवंच. मग दुधातून येणारा विषाणू अडवायचा कसा? बाळाला जन्मल्यावर नेव्हिरापिन या औषधाचा एकच डोस देत असत. त्याऐवजी सहा आठवडे रोज थोडं थोडं पाजलं तर? इथिओपिया आणि युगांडामध्येही हेच करून पाहिलं. २००८ साली निकाल छापून आला. सहा आठवड्यांची झालेली बाळं तपासली, तेव्हा संसर्ग जवळपास निम्म्यावर आला होता! चमचाभर औषधाने!

भोसरीच्या संस्थेने आणि चेन्नईच्या गायतोंडे केंद्राने मिळून आणखी एका मोठ्या कामात हात दिला. नऊ देशांतली १,७६३ जोडपी. प्रत्येक जोडीत एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. ज्याला आहे त्याला औषध लवकर सुरू केलं, तर जोडीदार वाचेल का? २०११ साली उत्तर आलं आणि सगळं जग चकित झालं. जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी! म्हणजे एकाने घेतलेलं औषध दुसऱ्यालाही वाचवतं! आज आपल्याला माहीत आहे, की नियमित औषधाने रक्तातला विषाणू इतका कमी झाला, की तपासणीत सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याकडे जात नाही.

पण औषध परवडायला नको का? २०००च्या सुमारास तीन औषधांचा वर्षाचा खर्च होता १० ते १५ हजार डॉलर. लाखो रुपये! आफ्रिकेत आणि आपल्याकडे माणसं औषध असूनही मरत होती. मला ही गोष्ट अजून फार खुपते. तेव्हा मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद पुढे आले. फेब्रुवारी २००१ मध्ये ते म्हणाले, आम्ही वर्षाला ३५० डॉलरमध्ये देतो! दिवसाला एक डॉलरसुद्धा नाही. नंतर तर तिन्ही औषधं मिळून एकच गोळी आली! पुढे १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ही औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

लेनाकापाविरचंही तसंच चाललंय बघ. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८ हजार डॉलरांवर. पण १२० देशांसाठी ते स्वस्तात बनवायची परवानगी सहा कंपन्यांना मिळाली आहे. त्यातली एक, एमक्युअर, आहे पुण्याची! हैदराबादच्या दोन कंपन्यांची स्वस्त सुई २०२७ पासून मिळेल, असं जाहीर झालंय. किंमत? वर्षाला ४० डॉलर. म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपये.

एवढी सगळी औषधं आहेत, तर मग एचआयव्ही कायमचा का जात नाही?

ते चिकटवलेलं पान आठवतंय ना? काही पेशी ते पान तसंच ठेवून झोपी जातात. काही रांधत नाहीत, काही करत नाहीत. औषधं फक्त काम करणाऱ्या विषाणूला अडवतात. इथे कामच चाललेलं नाही! वर्षांनुवर्षं औषध घेतलं तरी हे पान जागचं हलत नाही. आणि औषध थांबवलं, की कधीतरी एखादी पेशी जागी होऊन पुस्तक उघडते.

जगात मोजकीच माणसं यातून पूर्ण सुटली आहेत. त्यातले पहिले टिमोथी रे ब्राउन. ते बर्लिनमध्ये राहायचे. त्यांना रक्ताचा कर्करोगही झाला होता, म्हणून २००७ साली त्यांना दुसऱ्या माणसाच्या हाडांमधल्या मगजाच्या पेशी दिल्या. डॉक्टरांनी तो दाता मुद्दाम शोधला होता! त्याच्या पेशींवर एचआयव्हीला शिरायला लागणारं एक दारच नव्हतं. जन्मापासूनच! पुढे ब्राउन यांच्या शरीरात एचआयव्ही पुन्हा कधी दिसला नाही. पण हा उपचार स्वतःच जिवावर बेतू शकतो. कर्करोग नसलेल्या माणसाला तो देत नाहीत.

मग शास्त्रज्ञ दोन उलट वाटांनी निघाले आहेत. काही म्हणतात, झोपलेल्या पेशींना मुद्दाम जागं करू, म्हणजे सैन्य त्यांना पकडेल. काही म्हणतात, उलट त्यांना इतकं गाढ झोपवू, की त्या उठूच नयेत. तिसरेही आहेत. ते म्हणतात, रेणूंची कात्री घेऊन ते पान पुस्तकातून कापूनच काढू!

तिन्ही वाटांवर अडचण एकच आहे. झोपलेली पेशी बाहेरून अगदी शेजारणीसारखी दिसते. लाखो मॉनिटर रांगेत उभे आहेत, त्यातल्या एखाद्याच्याच पुस्तकात ते पान आहे. पुस्तक न उघडता ते ओळखायचं कशावरून? अशी पक्की खूण अजून कुणालाच सापडलेली नाही.